बटाटा नव्याने घडवायचा म्हणजे काय? एका गाजलेल्या पेपरचं टीकात्मक वाचन

बटाट्यावर पीएच.डी. करू पाहणाऱ्या कुणाचाही सिनॉप्सिस उघडा. पहिल्या पानावर एक वाक्य हमखास सापडेल: 'अधिक उत्पादन, चांगली प्रत आणि रोगप्रतिकारक्षमता असलेले वाण विकसित करणे ही काळाची गरज आहे.' माझ्याही सिनॉप्सिसमध्ये ते होतं. कमिटीतल्या एका सरांनी त्याखाली पेन्सिलने रेघ मारून विचारलं, "हे तिन्ही एकाच झाडात येतं का? आणि आजवर आलं नसेल तर का आलं नाही?" माझ्याकडे उत्तर तयार होतं, कारण ज्या पेपरमुळे मी हा विषय घेतला, त्यात ते दिलेलं होतं. मी ते घडाघडा सांगितलं. सर म्हणाले, "हे त्यांचं उत्तर झालं. तुझं काय?"

त्या प्रश्नामुळे मला तो पेपर पुन्हा वाचावा लागला. या वेळी भक्त म्हणून नाही, परीक्षक म्हणून. त्या दुसऱ्या वाचनातून जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे. तुम्ही नेट-पेटची तयारी करत असाल, विषय शोधत असाल, तर बटाटा तुमचा विषय नसला तरी वाचा. गाजलेला पेपर कसा वाचायचा, याचा सराव म्हणून.

पेपर कोणता आणि तो काय म्हणतो

शेली जॅन्स्की आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये 'क्रॉप सायन्स' या नियतकालिकात हा लेख लिहिला. शीर्षकाचा आशय असा: बटाट्याला द्विगुणित, शुद्ध वाणरेषांवर आधारलेलं पीक म्हणून नव्याने घडवणं. एक गोष्ट आधीच लक्षात घ्या, हा प्रयोगाचा पेपर नाही. यात स्वतःचा नवा डेटा मांडून निष्कर्ष काढलेला नाही. ही भूमिका आहे, आवाहन आहे. अशा लेखाला 'सिद्ध झालं' म्हणून उद्धृत करणं ही आपण विद्यार्थ्यांनी सर्रास केलेली पहिली चूक. मीही केली.

लेखकांचं म्हणणं थोडक्यात असं. बटाट्याची पैदास तीन गृहीतकांवर चालत आली. एक, भरघोस उत्पादनासाठी गुणसूत्रांचे चार संच लागतातच. दोन, बटाट्याच्या शुद्ध वाणरेषा तयार होऊच शकत नाहीत. तीन, लागवडीसाठी कंदाचं बेणं हीच उत्तम पद्धत. लेखक या तिन्हींवर प्रश्नचिन्ह लावतात आणि सुचवतात की मक्यासारखं करूया. दोन संचांचा बटाटा घ्या, शुद्ध रेषा बनवा, त्यांचा संकर करा, आणि शेतकऱ्याला कंदाऐवजी खरं बी द्या, म्हणजे बटाट्याच्या फळातलं टोमॅटोसारखं बारीक बी.

मांडणी इतकी सरळ आहे की वाचताना मान आपोआप हलते. मान हलायला लागली की थांबायचं आणि हिशेब करायचा.

आधी हिशेब, मग मत

चार संचांमुळे पैदास अवघड होते, हे लेखात आहे आणि सगळीकडे आहे. पण 'अवघड' म्हणजे नेमकं किती? कागद घ्या.

समजा एक चांगला गुण अप्रबळ जनुकामुळे दिसतो. म्हणजे झाडातल्या सगळ्या प्रती त्याच प्रकारच्या असल्या तरच तो दिसणार. नेहमीच्या दोन संचांच्या पिकात एक प्रत हवी ती आणि एक नको ती असेल, तर स्वपरागणातून हवं ते झाड चारात एक मिळतं. आता चार संच घ्या, दोन प्रती हव्या त्या, दोन नको त्या. युग्मकात चारातल्या दोन प्रती जातात. चारातून दोन निवडायच्या सहा रीती, आणि दोन्ही हव्या त्या प्रती येण्याची रीत फक्त एक. म्हणजे १/६. दोन्ही बाजूंनी तसंच युग्मक यायला हवं, म्हणून १/६ गुणिले १/६, म्हणजे ३६ मध्ये एक.

एका गुणाचं हे झालं. असे तीन स्वतंत्र गुण एकत्र हवे असतील तर द्विगुणितात ६४ मध्ये एक, आणि चतुर्गुणितात ४६,६५६ मध्ये एक! पहिल्या वाचनात मी इथेच विरघळलो होतो. शिवाय स्वपरागणाने मिश्रपणा दर पिढीला किती कमी होतो? द्विगुणितात निम्म्याने. चतुर्गुणितात फक्त एक षष्ठांशाने. म्हणजे द्विगुणितात एका पिढीत जे साधतं, त्यासाठी इथे जवळपास चार पिढ्या. बटाट्यासारख्या पिकात शुद्ध रेषा कुणी मनावर घेतल्या नाहीत, यात नवल नाही.

इथपर्यंत लेखकांची बाजू भक्कम आहे. पण याच हिशेबात एक पळवाट आहे, आणि ती वाचकाने स्वतः शोधायची असते. हा हिशेब चारही प्रती सारख्या हव्या असतील तेव्हाचा आहे. बटाट्यात तशी गरज बऱ्याचदा नसतेच. रोगप्रतिकाराचं जनुक प्रबळ असेल तर चारात एक प्रत पुरे. अशा झाडाचा साध्या झाडाशी संकर केला की निम्मी संतती प्रतिकारक्षम. शिवाय बटाटा कंदावरून वाढतो. हजारोंमध्ये एक चांगलं रोप सापडलं की ते जसंच्या तसं, मिश्रपणासकट, कायमचं टिकवता येतं. मक्याच्या पैदासकाराला ही सोय नाही.

उदाहरण हवं तर ब्रिटनमधला 'मॅरिस पायपर' घ्या, १९६६ चा वाण. सोनेरी सूत्रकृमीला रोखणारं एच-१ हे जनुक दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीच्या बटाट्यातून त्यात आलं. काम चार संचांतच झालं, आणि त्या सूत्रकृमीच्या एका मुख्य प्रकाराविरुद्ध ते जनुक दीर्घकाळ टिकलं. तेव्हा 'चतुर्गुणित असल्यामुळे पैदास जमत नाही' हे वाक्य सरसकट खरं नाही. 'जिथे अनेक जनुकांचा थोडा-थोडा वाटा आहे, किंवा जिथे अप्रबळ जनुक हवं आहे, तिथे चार संच आडवे येतात' हे खरं. दुसरं वाक्य लांबलचक आहे, शीर्षकात बसत नाही, पण सिनॉप्सिसमध्ये तेच हवं.

उत्पादन वाढलंच नाही, हे कशावरून?

नव्या रचनेची गरज पटवायची तर जुन्या रचनेचं अपयश दाखवावं लागतं. त्यासाठी या विषयावरच्या लेखनात एक संदर्भ वारंवार येतो. डचेस आणि सहकाऱ्यांचा १९९६ चा अभ्यास, तोही 'क्रॉप सायन्स'मधलाच. अमेरिकेतले जुने-नवे वाण एकाच शेतात शेजारी-शेजारी लावून त्यांनी पाहिलं की शतकभराच्या पैदाशीने नेमकं काय साधलं. निष्कर्ष असा की उत्पादनात ठळक वाढ नाही. चिप्ससाठी लागणारी प्रत मात्र सुधारली.

आधी या पद्धतीचं कौतुक. नुसत्या राष्ट्रीय आकडेवारीवरून पैदाशीचं यश मोजता येत नाही. भारताचंच बघा. १९४९-५० मध्ये आपलं बटाट्याचं सरासरी उत्पादन हेक्टरी साडेसहा टनांच्या आसपास होतं, आता ते वीस टनांच्या वर आहे. हे सगळं वाणांचं श्रेय का? कुफ्री सिंधुरी, कुफ्री ज्योती, कुफ्री चंद्रमुखी हे वाण साठच्या दशकात आले, त्यांचा वाटा मोठा आहेच. पण त्याच काळात पाणी आलं, खतं आली, कोल्ड स्टोअरेज आलं. आणि पुष्करनाथ यांची 'सीड प्लॉट' पद्धत आली. उत्तरेच्या मैदानात मावा कमी असतो त्या महिन्यांत बेण्याचं पीक घ्यायचं, आणि शंभर पानांवर वीस मावे ही मर्यादा ओलांडायच्या आत पाला कापून टाकायचा. त्यामुळे विषाणूमुक्त बेणं मैदानातच मिळू लागलं. यातला वाणाचा वाटा वेगळा काढायचा तर जुने-नवे वाण एकाच मातीत लावण्यावाचून इलाज नाही.

आता या पद्धतीच्या भेगा. तुम्ही परीक्षक असाल तर काय विचाराल? मी तीन प्रश्न काढले.

पहिला: अशा प्रयोगात जुने म्हणून जे वाण येतात ते कोणते? जे आजवर जगले ते. रसेट बरबँकचं मूळ १८७० च्या दशकात ल्यूथर बरबँकने एका फळातल्या तेवीस बियांतून निवडलेल्या रोपात आहे. त्या काळचे बाकीचे कितीतरी वाण केव्हाच विसरले गेले. म्हणजे आपण शंभर वर्षांच्या चाळणीतून उरलेल्या जुन्यांची तुलना चाळणी अजून पूर्ण न लागलेल्या नव्यांशी करतो. यात नवे कमी पडले तर त्याचा अर्थ जपून लावायला हवा.

दुसरा: जुन्या वाणाचं जे बेणं प्रयोगात लावतात ते आजच्या सोयींनी निरोगी ठेवलेलं असतं. बरबँकच्या काळात ते तसं नव्हतं. विषाणूंचा भार उतरला की जुना वाणही तरतरीत दिसतो.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पैदासकारांनी उत्पादनच मागितलं होतं का? अमेरिकेत मागणी होती ती चिप्स आणि फ्राइजची: कोरडा अंश जास्त, साखर कमी, आकार एकसारखा. पैदाशीने जे मागितलं ते दिलं. मग 'पैदास अपयशी ठरली' म्हणायचं की 'बाजाराने दुसरंच मागितलं' म्हणायचं? रसेट बरबँक आजही टिकून आहे, त्यामागे फ्राइजच्या कारखान्यांना त्याची सवय असणं हेही कारण आहे. द्विगुणित संकर आला म्हणून ही सवय सुटेल असं नाही. जॅन्स्की यांच्या लेखाबद्दल माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. संथ प्रगतीचा भार ते मुख्यतः पिकाच्या आनुवंशिकतेवर टाकतात. बाजार, बेण्याचा व्यापार, साठवणूक यांच्या वाट्याला जे जातं ते वेगळं काढून मोजत नाहीत.

दुसरं गृहीतक: इथे लेखकांना पैकीच्या पैकी

शुद्ध रेषा होऊ शकत नाहीत, हे गृहीतक मात्र खरोखर कोसळलं. अडचण दुहेरी होती. द्विगुणित बटाटे बहुतेक स्वतःचे पराग नाकारतात. आणि जबरदस्तीने स्वपरागण केलंच तर दोन-तीन पिढ्यांत रोपं खुरटतात, फुलत नाहीत. हे मी स्वतःच्या वाफ्यात पाहिलं आहे. एका हंगामात तिसऱ्या पिढीच्या माझ्या बऱ्याचशा रोपांना फूलच आलं नाही, आणि प्रगती अहवालात काय लिहायचं हा प्रश्न पडला.

पहिल्या अडचणीवरचा उपाय जुना आहे. होसाका आणि हॅनेमन यांनी १९९८ मध्ये सोलॅनम चाकोएन्स या रानटी प्रजातीतलं 'एसएलआय' हे जनुक दाखवलं. त्याच्यामुळे बटाटा स्वतःचे पराग स्वीकारतो. गंमत पुढे आहे. २०२० मध्ये क्लॉट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हे जनुक लागवडीतल्या चतुर्गुणित वाणांमध्येही बऱ्याच ठिकाणी आधीपासूनच आहे. चार संचांच्या गर्दीत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, इतकंच.

दुसऱ्या अडचणीवर चीनमधल्या संशोधकांनी काम केलं. त्यांचा 'सेल'मधला २०२१ चा पेपर वाचाच. घातक जनुकं जीनोमभर कुठे लपली आहेत ते आधी नकाशावर मांडायचं, कमी ओझं असलेलं मूळ झाड निवडायचं, आणि चांगल्याला चिकटलेलं वाईट सोडवत पुढे जायचं, ही त्यांची रीत. त्यातून जवळपास पूर्ण शुद्ध रेषा तयार झाल्या आणि त्यांचा संकर जोमदार निघाला. २०११ मध्ये बटाट्याचा जीनोम वाचला गेला नसता तर हे झालं नसतं. त्या जागतिक गटात सिमल्याची केंद्रीय बटाटा संशोधन संस्थाही होती, हे आपण विसरतो.

तेव्हा २०१६ च्या लेखाने जी भविष्यवाणी केली ती पाच वर्षांत बऱ्याच अंशी खरी ठरली. टीका करताना हेही लिहायचं असतं. आक्षेपांची यादी म्हणजे समीक्षा नव्हे.

प्रतीच्या नावाखाली काय काय येतं

आता 'प्रत' या शब्दाकडे. १९६७ मध्ये अमेरिकेत 'लेनापे' नावाचा वाण आला. चिप्सला अप्रतिम. तीन वर्षांत, १९७० मध्ये, तो मागे घ्यावा लागला, कारण त्यात ग्लायकोअल्कलॉइड्स जास्त निघाली. हिरव्या बटाट्यात असतात तीच कडू, विषारी द्रव्यं. शंभर ग्रॅम ताज्या बटाट्यात वीस मिलिग्रॅम ही सुरक्षिततेची साधारण मर्यादा धरतात, लेनापे ती ओलांडत होता. त्याच्या वंशावळीत सोलॅनम चाकोएन्स आहे.

नाव ओळखीचं वाटलं? एसएलआय जनुक मुळात ज्या रानटी प्रजातीत सापडलं, तीच. याचा अर्थ द्विगुणित बटाटे विषारी असतात असा मुळीच नाही. एक जनुक घेतलं म्हणजे सगळी प्रजाती येत नाही. आणि लेनापेचं पुढे काय झालं तेही बघा. त्याच्याच संकरातून आलेला 'अटलांटिक' हा चिप्सचा वाण जगभर चालला. म्हणजे दोष गाळून गुण ठेवता येतो. पण रानटी रक्त आणताना हा तपास पहिल्या पिढीपासून करावा लागतो, शेवटच्या नाही. प्रतीचा तक्ता मांडताना आपण कोरडा अंश, साखर आणि तळल्यावरचा रंग यांना रकाने देतो. कडवटपणाचा रकाना तुमच्या योजनेत आहे का? माझ्या पहिल्या आराखड्यात नव्हता.

प्रत कुणासाठी, हाही प्रश्न आहेच. चार अंश तापमानाला साठवलेल्या बटाट्यात साखर वाढते आणि तळल्यावर चिप्स काळपट होतात. म्हणून चिप्सचा माल दहा-बारा अंशांना ठेवावा लागतो. १९९८ चे कुफ्री चिप्सोना-१ आणि २ हे वाण या कारखानदारीसाठीच काढले गेले. घरच्या भाजीला यातलं काही लागत नाही. २०१९ मध्ये एफएल-२०२७ या चिप्सच्या वाणावरून पेप्सिकोने गुजरातमधल्या शेतकऱ्यांवर दावे लावले आणि नंतर मागे घेतले, ते आठवत असेल. 'चांगली प्रत' या दोन शब्दांत मालकीचा प्रश्नही दडलेला असतो. शीर्षकात 'प्रत' लिहाल तेव्हा कुणाची ते लिहा.

करपा: वेग वाढला, पण टिकाऊपणा?

१८४५ पासून आयर्लंडमध्ये करप्याने काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. सुमारे दहा लाख माणसं गेली, जवळपास तितकीच देश सोडून गेली. त्यानंतर मेक्सिकोतल्या सोलॅनम डेमिसम या रानटी बटाट्यातून प्रतिकाराची जनुकं आणली गेली. आर-१ ते आर-११ अशी त्यांची यादी आहे. सुरुवातीला वाटलं, संपला करपा. पण बुरशीसारख्या त्या जीवाने एकेक जनुक ओलांडलं. ब्रिटनमधल्या 'पेंटलँड डेल'मध्ये तीन जनुकं एकत्र होती, तरी तो काही वर्षांतच बळी पडला. १९६३ मध्ये व्हॅन डर प्लँक यांनी हाच भेद पुस्तकात मांडला: एखाद्याच वंशाला कडेकोट रोखणारा प्रतिकार आणि सगळ्यांनाच थोडं-थोडं रोखणारा प्रतिकार. पहिला दिसायला देखणा, दुसरा टिकायला बरा.

२००९ मध्ये या रोगजीवाचा जीनोम वाचला गेला. साधारण २४ कोटी अक्षरं, त्यातली सुमारे तीन चतुर्थांश पुनरावृत्तीची. झाडाला फसवणारी त्याची जनुकं याच अस्थिर भागात, विरळ वस्तीत बसलेली असतात. म्हणून ती पटापट बदलतात.

या पार्श्वभूमीवर द्विगुणित संकराचा दावा तपासा. दोन शुद्ध रेषांमध्ये दोन-दोन प्रतिकार जनुकं बसवली की संकरात चार येतात, आणि हे काम चतुर्गुणितापेक्षा कितीतरी लवकर होतं. मान्य. पण लवकर रचणं वेगळं आणि टिकणं वेगळं. टिकाऊपणा संचांच्या संख्येवर अवलंबून नाही. तो कोणती जनुकं निवडली, किती क्षेत्रावर एकच वाण लावला आणि फवारणीची जोड होती का यावर अवलंबून आहे. फार तर इतकं म्हणता येईल की वाण पडला तर त्याचा बदली वाण लवकर देता येईल. हा फायदाही मोठा आहे. पण 'रोगप्रतिकारक वाण' आणि 'लवकर बदलता येणारा वाण' ही दोन वेगळी आश्वासनं आहेत. पेपर वाचताना कोणतं आश्वासन चाललंय ते ओळखा.

बेणं की बी?

तिसरं गृहीतक माझ्या घराजवळचं आहे. माझे मामा खेड तालुक्यात खरिपात बटाटा घेतात. बेणं पंजाबातून येतं. हेक्टरी अडीच-तीन टन कंद मातीत घालायचे, म्हणजे खर्चाचा मोठा भाग पेरणीच्या दिवशीच गेला. खऱ्या बियांचा हिशेब करून पाहा. ६० बाय २० सेंटिमीटरवर हेक्टरी साधारण ८३ हजार रोपं बसतात. एका ग्रॅममध्ये अंदाजे दीड हजार बिया. म्हणजे ५५-५६ ग्रॅम, मरतूक धरून शंभर-दीडशे ग्रॅम. तीन टनांऐवजी एक पाकीट! शिवाय बहुतेक विषाणू या बियांतून पुढे जात नाहीत.

मी मामांना हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "रोपवाटिकेत किती दिवस?" महिनाभर, मी म्हणालो. "मग माझा बटाटा निघणार कधी? पाऊस थांबेल का तुझ्यासाठी?" आपल्या पठारावरचा खरीप बटाटा हा दिवसांचा खेळ आहे. १९७२ मध्ये या भागासाठी आलेल्या वाणाचं नावच 'कुफ्री लवकर' आहे.

आणि खरं बी ही कल्पना भारताला नवी नाही. सिमल्याची संस्था आणि आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र यांनी मागच्या शतकाच्या शेवटच्या दशकांत चतुर्गुणित बटाट्याच्या खऱ्या बियांवर बरंच काम केलं. त्रिपुरात त्याचा वापरही चांगला झाला. कंदाचं बेणं बाहेरून आणणं तिथे महाग पडत होतं, म्हणून तिथे ते चाललं. पण ते देशभर पसरलं नाही. चतुर्गुणित पालकांची संतती एकसारखी नसते, रोपांना वेळ लागतो, पहिल्या वर्षी कंद बारीक राहतात. यातली पहिली अडचण शुद्ध रेषांच्या संकराने खरोखर सुटते, तिथे जॅन्स्की आणि सहकाऱ्यांचा मुद्दा बिनतोड आहे. दुसऱ्या दोन अडचणी मात्र संचांची संख्या बदलून आपोआप सुटत नाहीत. त्यावर मधला मार्ग आहे: पहिल्या हंगामात बियांपासून बारीक कंद करायचे आणि पुढच्या हंगामात ते बेणं म्हणून लावायचे. मग प्रश्न येतो की ते बारीक कंद कुणी, कुठे करायचे? माव्याच्या प्रदेशात ते किती हंगाम निरोगी राहतील? महाराष्ट्रापुरता संशोधनाचा खरा प्रश्न मला इथे दिसला. पेपरात तो नाही, आणि असायचं कारणही नाही. तो आपण शोधायचा.

माझा निकाल, आणि तुमच्यासाठी चार गोष्टी

मला हा पेपर आजही महत्त्वाचा वाटतो. तीन गृहीतकांपैकी दुसरं त्यांनी उचित वेळी हलवलं आणि पुढच्या कामाला दिशा दिली. पहिल्या गृहीतकाबाबत त्यांची बाजू अर्धी भक्कम आहे. तिसऱ्याबाबत उत्तर प्रदेशागणिक बदलतं. आणि चौथं एक गृहीतक त्यांनी स्वतः धरलं, ते म्हणजे प्रगती अडली ती प्रामुख्याने आनुवंशिकतेमुळे. ते तपासल्याशिवाय आपण पुढे नेऊ नये.

वाचताना हे करा. पेपर डेटाचा आहे की भूमिकेचा, ते आधी ठरवा आणि त्याप्रमाणे उद्धृत करा. जिथे आकडा देता येईल तिथे स्वतः कागदावर काढा, मग तो आकडा कोणत्या अटीवर खरा आहे ते लिहा. 'आजवर जमलं नाही' असं वाक्य दिसलं की आजवर कुणी, काय, कुणाच्या मागणीवरून केलं ते शोधा. आणि 'उत्पादन, प्रत आणि रोगप्रतिकार' यांच्यामधला 'आणि' तपासा. बऱ्याचदा तिथे 'किंवा' असतो.

माझ्या सिनॉप्सिसमधलं ते पहिलं वाक्य मी काढलं. आता तिथे लिहिलंय की द्विगुणित संकराच्या बियांपासून केलेले बारीक कंद पठारावरच्या खरिपात बेणं म्हणून किती हंगाम टिकतात ते पाहायचं आहे. सरांनी या वेळी रेघ मारली नाही. मार्जिनमध्ये एवढंच लिहिलं: "मामांच्या शेतात एक प्लॉट लाव." येत्या जूनमध्ये लावतो आहे. फसला तरी इथे लिहीन.